वापराची मर्यादा कमी करायची आहे. शिव्या कमीत कमी कशा खाव्यात?

कानामात्रा
नमस्कार मंडळी. नमनाला घडाभर तेल न घालता मुद्द्यावर येतो. आम्ही पाच जण मिळून एक छोटी सेवा चालवतो. आवाजाची फाइल चढवा, मजकूर घ्या. मासिक आणि वार्षिक अशा दोन वर्गण्या आहेत. सुरू केली तेव्हा जोशात पानावर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘अमर्याद’. तेव्हा गिऱ्हाइकंच इतकी कमी होती की मर्यादा कशाला आणि कुणाला घालायची हाच प्रश्न होता.

आता बोटावर मोजण्याइतकी खाती रात्रंदिवस फाइली चढवतायत आणि त्यांच्यापायी सर्व्हरचं बिल आमच्या खिशातून जातंय. दरमहा अमुक तास अशी मर्यादा घालावीच लागणार, यावर आमचं एकमत आहे. भांडण आहे ते कशी घालायची यावर. आमचा हिशेब बघणारा भागीदार म्हणतो, येत्या सोमवारपासून लावून टाक, अटींमध्ये ‘बदल करण्याचा अधिकार राखून’ असं लिहिलेलंच आहे. मला ते पटत नाही. वार्षिक पैसे भरलेल्या काही जणांचे अजून आठ-आठ महिने शिल्लक आहेत. ग्राहक म्हणून तुम्हाला अशा वेळी काय चालतं, काय डोक्यात जातं? जाणकारांनी आणि पोळलेल्यांनी लिहावं.

टिंबटिंब
‘अमर्याद’ लिहिलंत तिथेच तुमची मर्यादा कळली. (हलके घ्या.)

जुनंपान
पोळलेल्यांत मी पहिली. फाइली साठवण्याच्या एका सेवेचे वर्षाचे पैसे भरले होते. चौथ्या महिन्यात, एक काम रात्री बारापर्यंत द्यायचं होतं तेव्हा, अकरा वाजता फाइल चढेना. वर एक लाल पट्टी: ‘तुमची जागा संपली आहे.’ अरे, काल तर निम्मी रिकामी होती! शोधाशोध केल्यावर महिन्यापूर्वीचं त्यांचं मेल सापडलं. विषय काय होता माहितेय? ‘आमच्या अटी आता आणखी सोप्या!’ सातव्या परिच्छेदात जागा निम्मी केल्याचं वाक्य. सोप्या झाल्या, पण कुणासाठी?

मर्यादा कमी केली याचा मला तितका राग नाही. त्यांनी ती लपवली याचा आहे. पुढे वर्गणीचं नूतनीकरण केलं नाही आणि ओळखीतल्या चार जणांनाही करू दिलं नाही.

हिशेबनीस
सगळे ग्राहकाच्या बाजूनेच बोलणार, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. सरसकट एकाच दराची वर्गणी चालते ती कमी वापरणाऱ्यांच्या जिवावर. व्यायामशाळेत नाव घालून न जाणारे लोक रोज जाणाऱ्यांचे पैसे भरत असतात, तसंच. हे गणित जोवर जुळतं तोवर सगळे खूश. ते बिघडलं की तीनच रस्ते उरतात: दर वाढवा, मर्यादा घाला किंवा दुकान बंद करा. तिसरा रस्ता वर्षाचे पैसे भरलेल्यांनाही परवडत नाही.

मूव्हीपास आठवा. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत त्यांनी एका तिकिटाच्या आसपासच्या मासिक वर्गणीत रोज एक सिनेमा देऊ केला. लोकांनी तो खरंच रोज पाहिला! वर्षभरात, ऑगस्ट २०१८ मध्ये, महिन्याला तीन सिनेमे अशी मर्यादा आली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. वेळेवर मर्यादा घातली असती तर कदाचित तगले असते. त्यामुळे कानामात्रांच्या भागीदाराला लगेच खलनायक ठरवू नका.

खोडरबर
हिशेबनीस, मूव्हीपासची अर्धीच गोष्ट सांगितलीत. मर्यादा उघडपणे सांगण्याऐवजी त्यांनी जास्त सिनेमे पाहणाऱ्यांचे पासवर्ड रद्द केले आणि वर ‘तुमच्या खात्यावर संशयास्पद हालचाल दिसली’ असं सांगितलं, असा आरोप ग्राहकहित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०२१ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. म्हणजे पैसे भरून सेवा वापरली हीच संशयास्पद हालचाल!

पैसे पुरत नव्हते हे मान्य. पण तसं न सांगता गिऱ्हाइकालाच चोर ठरवायचं, ही सवय फार जुनी आहे.

हिशेबनीस
खोडरबर, हे मान्य. चोरवाटेचं समर्थन मी करत नाहीये.

रिकामटेकडा
वाचतोय. धागा रंगणार.

सांजवात
खोडरबर यांच्याशी सहमत. आणखी एक उदाहरण. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१५ मध्ये वनड्राइव्ह या फाइली साठवण्याच्या सेवेतली अमर्याद जागा काढून १ टेराबाइटवर (सुमारे हजार गिगाबाइट) आणली. कारण काय दिलं, तर काही लोकांनी ७५ टेराबाइटच्याही वर साठवलं म्हणून. आता असे महाभाग किती असणार? पण त्याच घोषणेत फुकट खात्यांची जागाही १५ गिगाबाइटवरून ५ वर आणली. ज्याने आयुष्यात १२ गिगाबाइटच्या वर काही ठेवलं नाही, त्याचा त्या ७५ वाल्याशी काय संबंध? सुक्याबरोबर ओलंही जाळलं. आरडाओरडा झाल्यावर डिसेंबरमध्ये माफी मागितली आणि जानेवारी संपेपर्यंत जे मागतील त्यांना १५ ठेवू देऊ म्हणाले. ‘जे मागतील त्यांना’ हे वाक्य नीट वाचा. जे बातम्या वाचत नाहीत त्यांचं काय?

कानामात्रा, तुमच्या मेलमध्ये ‘काही ग्राहकांच्या अतिवापरामुळे’ असं लिहू नका. ते खरं असलं तरी. वाचणाऱ्याला वाटतं आपल्यालाच बोलतायत.

कानामात्रा
अरे देवा. मसुद्याचं पहिलंच वाक्य तेच होतं.

टिंबटिंब
सांजवात यांनी सोनाराने टोचावेत तसे कान टोचलेत.

पायरी
मी अशाच सेवांच्या मागच्या बाजूला काम करते, म्हणून थोडं यंत्राच्या अंगाने लिहिते. प्रतिसाद लांबणार आहे.

मर्यादा किती यापेक्षा ती ग्राहकाला कधी आणि कशी दिसते यावर निम्मी भांडणं होतात. आधी मीटर लावा, मर्यादा नंतर. म्हणजे दोन महिने फक्त ‘या महिन्यात तुम्ही इतके तास वापरले’ एवढंच दाखवायचं, कुणालाही अडवायचं नाही. बहुतेकांना आपण किती वापरतो याचा अंदाजच नसतो. ज्यांचा आकडा नव्या मर्यादेच्या निम्माही नाही ते आकडा बघून गप्प बसतात. मीटर नसेल तर तेच लोक घाबरून ओरडतात, कारण तीस तास म्हणजे खूप की थोडे हे त्यांना ठरवताच येत नाही.

दुसरं, मोजणी कधी शून्यावर येते ते स्पष्ट सांगा. महिन्याच्या एक तारखेला, बिलाच्या तारखेला, की सरकत्या खिडकीने, म्हणजे मागच्या तीस दिवसांची बेरीज? सरकती खिडकी आम्हा इंजिनिअरांना आवडते, कारण एक तारखेला सगळे एकदम तुटून पडत नाहीत. पण ग्राहकाला ती कळत नाही. ‘काल संपलं होतं, आज थोडं आलं, उद्या किती येईल?’ याचं उत्तर तो कॅलेंडर बघून काढू शकत नाही. तुमच्यासारख्या सेवेला बिलाची तारीखच बरी.

तिसरं, भिंत नको, उतार द्या. ऐंशी टक्क्यांना एक सूचना, शंभराला दुसरी आणि त्यानंतर काम बंद न करता रांगेत मागे टाका. तासाचं काम रात्रीतून होईल, पण होईल. आणि देवाशपथ, चालू असलेली फाइल अर्ध्यात तोडू नका. नव्वद मिनिटांची मुलाखत बावन्नाव्या मिनिटाला थांबली तर तो अर्धवट मजकूर कुणाच्याही कामाचा नसतो, वर त्याची मिनिटं मात्र मोजली गेलेली असतात.

चौथं, काय मोजलं जातं? तुमच्या यंत्राच्या चुकीने फाइल फसली आणि पुन्हा चढवावी लागली तर ती दोनदा मोजणार का? हा प्रश्न पहिल्या आठवड्यात येणार. उत्तर तयार ठेवा.

जुनंपान
पायरी, दंडवत. लाल पट्टीच्या आधी एखादी पिवळी पट्टी आली असती तर मी ती रात्र वाचवली असती.

रिकामटेकडा
पण रांगेत मागे टाकणं म्हणजे पण फसवणूकच ना? अमर्याद म्हणायचं आणि वेग मारायचा.

खोडरबर
न सांगता मारला तर नक्कीच. एटी अँड टी या अमेरिकन कंपनीवर याच कारणाने २०१४ मध्ये खटला झाला. ‘अमर्याद’ डेटा म्हणून विकला आणि ठरावीक वापरानंतर, काहींच्या बाबतीत अवघ्या २ गिगाबाइटनंतर, वेग इतका कमी केला की साधी पानं उघडेनात. २०१९ मध्ये ६ कोटी डॉलर भरून मिटवलं. पायरी म्हणतायत ते वेगळं आहे. ‘मर्यादेनंतर हळू चालेल’ हे विकतानाच सांगितलं तर तो सौदा झाला. लपवलं तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

अर्धविराम
कायद्याचं काय, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. प्रत्येक देशात वेगळं आहे, पण युरोपीय संघाचा २०१९/७७० हा निर्देश वाचण्यासारखा आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू. त्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत चालू असताना डिजिटल सेवेत बदल करायचा तर करारात त्यासाठीचं सबळ कारण लिहिलेलं हवं, ग्राहकावर जादा खर्च पडता कामा नये आणि त्याला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. बदलाने ग्राहकाचं किरकोळपेक्षा जास्त नुकसान होत असेल तर पुरेसं आधी कळवायचं आणि त्याला तीस दिवसांत काहीही भुर्दंड न पडता करार सोडता यायला हवा. मात्र जुनी सेवा आहे तशी, जादा पैसे न घेता चालू ठेवायची सोय दिली, तर हा सोडण्याचा हक्क लागू होत नाही.

थोडक्यात, ‘बदल करण्याचा अधिकार राखून’ हे एक वाक्य लिहिलं की काम झालं, असा तुमच्या भागीदाराचा समज असेल तर तो निदान तिथे तरी चालत नाही.

हिशेबनीस
अर्धविराम, उपयुक्त माहिती. पण कायदा काही असो, जुन्यांना जुनंच ठेवा हा सल्ला पाच माणसांच्या दुकानाला बुडवू शकतो. जुनी गिऱ्हाइकं हीच बहुधा सर्वांत जास्त वापरणारी असतात. त्यांना कायमचं सोडलं तर मर्यादा घालून मिळवलं काय?

सांजवात
कायमचं कोण म्हणतंय? भरलेली मुदत संपेपर्यंत. वर्षाचे पैसे आगाऊ घेतलेत म्हणजे वर्षाची जोखीमही तुम्हीच घेतलीत. आगाऊ पैसे हवेत आणि जोखीम नको, हे म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं.

रिकामटेकडा
कायमचं म्हणणारेही होते! अवांतर होतंय, पण अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये एकरकमी पैसे घेऊन आयुष्यभर पहिल्या वर्गाने कितीही उडा असा पास काढला होता. घेणाऱ्यांतले काही खरंच कितीही उडाले. शेवटी २००८ मध्ये कंपनीने गैरवापराचं कारण देऊन काही जणांचे पास रद्द केले आणि मामला कोर्टात गेला. ‘आजीवन’ मध्ये नेमकं कुणाचं जीवन, ते लिहायचं राहिलं असावं.

टिंबटिंब
ग्राहकाचं जीवन, कंपनीचं जीवन, की योजनेचं? तिन्हींत जे आधी संपेल ते.

खोडरबर
कायमचं आणि मुदतीपुरतं यांच्या मधला एक मार्ग फाइली साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सने २०२३ मध्ये काढला होता. ‘हवी तितकी जागा’ वाली योजना बंद करताना, क्रिप्टो उत्खननासाठी (म्हणजे संगणक राबवून आभासी चलन मिळवण्यासाठी) आणि जागा पुढे विकण्यासाठी वापर होतोय असं कारण दिलं. पण एका परवान्यामागे ३५ टेराबाइटपेक्षा कमी वापरणाऱ्यांना, त्या दिवशी जितकं वापरत होते तितकं अधिक ५ टेराबाइट, पाच वर्षं जादा पैसे न घेता ठेवू दिलं. म्हणजे वाढ थांबवली, पण आहे ते ओढून घेतलं नाही. हे गूगल फोटोजच्या जवळपास जातं. फुकट अमर्याद साठवण बंद होणार हे त्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं, अंमल १ जून २०२१ पासून आणि त्याआधी उच्च दर्जाच्या पर्यायात चढवलेले फोटो हिशेबात धरले नाहीत.

जुनंपान
गूगलचं कौतुक नको. वर्षानुवर्षं फुकट म्हणून सवय लावली, दुसरीकडे न्यायला जड जाईल इतके फोटो जमू दिले आणि मग मीटर लावलं. सहा महिन्यांची नोटीस सभ्य होती, इतकंच म्हणेन.

पायरी
दोघांचंही बरोबर. पण साठवण आणि वापर यांत एक फरक आहे. साठवलेलं कमी करायचं म्हणजे आधीच ठेवलेल्या वस्तूला हात लावणं. तासांची मर्यादा पुढच्या वापराला लागते, तिथे लोक थोडे उदार असतात. अर्थात फार ताणलं तर तिथेही फुटतं. कोड लिहायला मदत करणाऱ्या कर्सरने जून २०२५ मध्ये महिन्याच्या विनंत्यांची संख्या काढून खर्चाच्या रकमेवर मोजणी सुरू केली. लोकांना आपलं कशाने संपतंय तेच कळेना, अनपेक्षित बिलं आली. जुलैच्या सुरुवातीला माफी मागून पैसे परत द्यावे लागले. मोजण्याचं एकक बदलणं हे मर्यादा कमी करण्यापेक्षाही जास्त झोंबतं, हा माझा अनुभव आहे. किती गेलं हे माणसाला मनातल्या मनात मोजता आलं पाहिजे.

कानामात्रा
सर्वांचे आभार. दोन दिवस गायब होतो कारण खोडरबर यांचं ‘गिऱ्हाइकालाच चोर ठरवायचं’ हे वाक्य डोक्यात बसलं. मेल पाठवण्याआधी सर्वांत जास्त वापर असलेल्या पाचही खात्यांना मी स्वतः फोन केला. आधी कधी केला नव्हता, याची आता लाज वाटते.

दोन खाती खरोखरच चालू निघाली. एकच लॉगिन अनेकांना वाटून वर पैसे घेत होते. त्यांना बंद केलं, वादही घातला नाही त्यांनी. तिसरा फोन उचलेना. चौथ्या बाई जुन्या ध्वनिफितींचा संग्रह मजकुरात उतरवतायत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘मला मोठी योजना हवीच होती हो, पण तुमच्याकडे होतीच कुठे?’ म्हणजे जास्त पैसे द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक आम्ही वर्षभर डोकेदुखी म्हणून मोजत होतो.

आणि पाचवा, जो सर्वांत मोठा. त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवलाय, रोज रात्री एक फोल्डर आमच्याकडे चढवणारा. नवीन फाइली ओळखायचा त्यातला भाग कधीतरी मोडला. तेव्हापासून तेच दोनशे-सव्वादोनशे तुकडे रोज रात्री नव्याने मजकुरात उतरतायत. त्याला पत्ता नाही, आम्हाला पत्ता नाही. मी सांगितल्यावर पलीकडे दहा सेकंद शांतता. मग म्हणाला, ‘पण मजकूर रोज थोडा वेगळा यायचा, मला वाटलं तुम्ही सुधारणा करताय.’

टिंबटिंब
🤣🤣 रोज रात्री सुधारणा! हे तुमच्या जाहिरातीत घाला.

पायरी
मीटर असतं तर हे पहिल्या आठवड्यात दोघांनाही दिसलं असतं. बाकी काही बोलत नाही.

हिशेबनीस
मग आता मर्यादा लागतेय का तरी?

कानामात्रा
लागतेय, पण ठरवली होती त्याच्या दुप्पट ठेवली तरी भागतंय. भागीदाराने आकडे पाहिले आणि सोमवारचा हट्ट सोडला. मेलचा मसुदा टाकतो, फाडून खा:

‘प्रिय ग्राहक, तुमचा अनुभव अधिक चांगला व्हावा यासाठी आम्ही आमच्या योजनांमध्ये काही रोमांचक बदल करत आहोत…’

सांजवात
थांबा. कमी देताय आणि रोमांच कसला? कुणाच्या अंगावर काटा येणार आहे, तुमच्या की माझ्या?

जुनंपान
पहिल्या ओळीत आकडा हवा. काय होतं, काय होणार, कधीपासून आणि मी मागच्या तीन महिन्यांत किती वापरलं. माझा आकडा मर्यादेच्या आत असेल तर मी तिथेच मेल बंद करेन आणि तुम्हाला दुवा देईन.

अर्धविराम
सोडून जायचं बटण मेलमध्येच द्या. आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत कसे मिळणार तेही. आधी तयार केलेला सगळा मजकूर उतरवून घ्यायची सोयही विसरू नका. सोडता येतंय हे दिसलं की लोक कमी सोडतात.

हिशेबनीस
हे शेवटचं वाक्य मात्र माझ्या अनुभवाला धरून नाही. सुटतात, बिनधास्त सुटतात. पण आरडाओरडा न करता सुटतात, तेही काही कमी नाही.

कानामात्रा
दुसरा मसुदा:

‘आतापर्यंत तुमच्या योजनेत तासांची मर्यादा नव्हती. आता दरमहा साठ तासांची येत आहे. तुम्ही मागच्या तीन महिन्यांत अनुक्रमे [अमुक], [अमुक], [अमुक] तास वापरले. वार्षिक वर्गणी असेल तर भरलेली मुदत संपेपर्यंत काहीही बदलणार नाही. मासिक असेल तर पुढची दोन बिलं जुन्याच अटींवर, तिसऱ्यापासून मर्यादा. साठ तासांनंतर काम थांबणार नाही, रांगेत मागे जाईल. आमच्या चुकीने फसलेली फाइल मोजली जाणार नाही. जास्त लागत असेल तर मोठी योजना आजपासून आहे. नको असेल तर खालच्या बटणावरून वर्गणी बंद करा, उरलेले पैसे परत मिळतील, मजकूर उतरवून घेता येईल. अमर्याद असं आम्ही लिहायला नको होतं.’

खोडरबर
शेवटचं वाक्य सर्वांत वर घ्या.

सांजवात
नको, आहे तिथेच छान आहे.

रिकामटेकडा
फोन न उचलणाऱ्या तिसऱ्याचं काय झालं?

कानामात्रा
त्याचं मेल आलं. अनोळखी नंबर उचलत नाही म्हणाला. वार्षिकवाला आहे, अजून पाच महिने आहेत. ते आमच्या खिशातून.

जुनंपान
आणि मेलचा विषय काय ठेवलात? खरं सांगा.

कानामात्रा
‘तुमच्या योजनेची मर्यादा बदलते आहे: साठ तास’. जाहिरातीचं बघणारी आमची सहकारी कालपासून माझ्याशी बोलत नाहीये.